जुन्या सुतारी हत्यारांचा सामाईक ऑनलाइन संग्रह कशावर उभारावा? (बजेट 10 हजार)

रंधेवाला
आम्ही काही जण जुने रंधे, पटाश्या, वाकस, सामते यांचे फोटो आणि माहिती एका जागी आणतोय. स्टॅन्ली नि रेकॉर्ड या कंपन्यांचे लोखंडी रंधे जास्त, शिवाय काही जुने कॅटलॉग. कुणालाही भर घालता यावी आणि दहा वर्षांनीही सापडावं. सगळं मिळून 10 हजार. सॉफ्टवेअर कोणतं, स्कॅनर कोणता?

कानस
फुलफ्रेम कॅमेरा आणि 100 मिमी मॅक्रो घ्या. मी तेच वापरतो, हत्यारावरच्या कंपनीच्या ठशाची रेघन्‌रेघ येते. मोबाइलवर वेळ घालवू नका.

पाचर
अहो, 10 हजारांत त्या लेन्सचं झाकण येईल! ठसा उमटतो तो उजेडामुळे. खोली अंधारी करा, दिव्याचा झोत बाजूने, पृष्ठभागाशी 15-20 अंशांत. दिवा चार दिशांनी फिरवून चार फोटो घ्या, कारण उजेड ज्या दिशेने पडतो त्याच दिशेच्या रेघा बुजतात. शेजारी मिमीची पट्टी, तीही ठशाच्याच उंचीवर. खाली टेबलावर ठेवलीत तर माप चुकतं. आणि फोटोआधी तारेचा ब्रश मारू नका, उथळ ठसे गंजाबरोबर जातात.

गुण्या
ओमेका क्लासिक, म्हणजे संग्रह ऑनलाइन मांडायचं सॉफ्टवेअर. साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं, डब्लिन कोअर या नोंदीच्या ठरलेल्या पद्धतीचे 15 रकाने आयते मिळतात. माझा संग्रह त्यावरच आहे.

आडवी_करवत
मीडियाविकी, विकिपीडिया चालतो ते सॉफ्टवेअर. कुणी काय बदललं त्याचा इतिहास राहतो. ओमेकात बाहेरच्यांना भर घालू द्यायची तर वेगळं प्लगइन बसवावं लागतं.

गुण्या
आणि नोंदणी खुली ठेवली की तुमचा विकी स्पॅमने भरतो.

कानस
मॅक्रोवाचून ठसा येणार नाही, पुन्हा सांगतो.

जुनाबाजार
सॉफ्टवेअर काहीही घ्या, नोंद कशी करणार ते बोला. पायावर 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910 अशा तीन पेटंट तारखा असतील तर तो रंधा 1910 च्या आधीचा नाही, इतकंच ठरतं. पातं आणि लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारी पट्टी) कुणीही कधीही बदललेली असते. म्हणून पाया, फ्रॉग (पातं टेकतं तो तिरका तुकडा), पातं, कॅप यांची नोंद वेगवेगळी. दुसरं, आपल्याकडे 'मेड इन इंग्लंड' ठशाचे स्टॅन्ली पुष्कळ मिळतात. त्यांना अमेरिकन टाइपांचा, म्हणजे घडणीतल्या फरकांवरून काळ ठरवायचा, तक्ता लावू नका, तो त्या मालासाठी नाहीच.

आडवी_करवत
+1, ब्रश मारू नका. लायसन्स मात्र बिगरव्यापारी ठेवा, नाहीतर भंगारवाले आपलेच फोटो जाहिरातीला लावतील.

कलम_साठ
बिगरव्यापारी फोटो विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचा मोफत फोटोसंग्रह) घेत नाही, हे आधीच ठरवा. नंतर एकेकाला शोधून परवानगी मागणं जमत नाही. कॅटलॉगचं वेगळं. निनावी असेल तर कॉपीराइट भारतात प्रकाशनापासून 60 वर्षं, पण अमेरिकेत 95, आणि कॉमन्सला अमेरिकेचा कायदाही पाळावा लागतो. त्यामुळे 1938 चा इंग्लंडमधल्या शेफील्डचा कॅटलॉग इथे मोकळा असला तरी कॉमन्सवर टिकणार नाही.

पाचर
स्कॅनर घेतलाच तर स्वस्त सीआयएसवाला (काचेला चिकटूनच वाचणारा पातळ सेन्सर) नको. काचेपासून पान जरा उचललं की धूसर येतं, म्हणजे जाड कॅटलॉगची शिवणीजवळची मापं गेली. कोरीव चित्रं 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), ग्रे. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बारीक रेघा तुटतात.

रंधेवाला
सर्वांचे आभार. ओमेका नाही, विकी नाही, स्कॅनरही नाही. फोटो मोबाइलवर काढून सीसी बाय-एसए लायसन्सखाली (नाव देऊन, त्याच अटींवर कुणीही वापरावं, व्यापारीही) कॉमन्सवर, नोंदी सामाईक स्प्रेडशीटमध्ये. कॅटलॉग सध्या घरीच, त्यातली मापं नि वर्षं तेवढी नोंदीत घेऊ. पैशातून दिवा, पट्टी आणि दोन हार्डडिस्क.

गुण्या
स्प्रेडशीट! मग विचारलंत कशाला?

जुनाबाजार
चालेल, पण मॉडेलचा रकाना आधीच 'मजकूर' करून ठेवा. नाहीतर रेकॉर्डच्या 04 चं शून्य स्प्रेडशीट गिळतं आणि तो रंधा स्टॅन्लीच्या 4 मध्ये जाऊन बसतो. कंपनीचा रकानाही सक्तीचा हवा.

कानस
मॅक्रो सेकंडहँडही मिळते.