कार्टर गेले, तर सोलापूरला काय त्याचं?

बाळीवेसकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘जगात कोण कोण गेलं त्याची यादी कशाला? जिमी कार्टरचं सोलापूरला काय?’ रात्रभर डोक्यातून जाईना. मंगळवेढ्याकडं माझ्या आजीच्या पायातून नारू निघाला होता. पाण्यातून पोटात जाणारा जंत तो, दिसायला पांढरा दोराच. आई काडीला गुंडाळायची, रोज बोटभर. ओढताना तुटला की पाय टम्म सुजायचा. अमेरिकेचं अध्यक्षपद गेल्यावर कार्टर १९८६ पासून त्याच नारूच्या मागं लागले. तेव्हा जगात ३५ लाखांच्या आसपास रुग्ण, २०२३ साली १४. २९ डिसेंबर २०२४ ला गेले, शंभरी पार करून. यादीत त्यांचं नाव मी लिहिणारच.

सात रस्ता: ते मीच लिहिलं, मागं घेत नाही. आपला नारू आपणच घालवला. आपली मोहीम १९८३-८४ ची, त्यांच्या आधीची. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. माझे वडील आरोग्यसेवक. सायकलवर गावोगाव, विहिरीत औषध टाकत. त्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या? आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राला अमेरिकेकडून यायच्या इंधनावरून याच कार्टरनी किती ताणलं, विसरलात?

कुंभारवेस: पायविहिरीत उतरून घागर भरायची, त्यातच नारूचा पाय बुडायचा. तेच पाणी घरी. आज काय वेगळं? आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी, तेही पहाटे तीनला.

होटगी रोड: चार? आमच्याकडं पाच. साठवून ठेवावं तर डास. मागच्या पावसाळ्यात पोराला डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात.

बाळीवेसकर: ताई, पाण्याचा धागा वेगळा काढा ना.

कुंभारवेस: का म्हणून? नारू काय आभाळातून पडला? पाण्याचंच दुखणं ते. उजनी उशाला असून हंडे मोजत बसायचं, यावर बोलायचं नाही?

सात रस्ता: ताई बरोबर बोलतात. आधी आपलं बघा.

बाळीवेसकर: आपलं-परकं करू नका. आपले डॉ. कोटणीस, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले, १९४२ ला तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. हा सोलापूरचा, आम्हाला काय, असं तिथले म्हणाले का? समाधी बांधली, अजून फुलं वाहतात.

सात रस्ता: कोटणीसांचं नाव काढल्यावर काय बोलणार? राहू द्या तुमचे कार्टर. तारापूरचं मात्र विसरणार नाही. आणि खाली सायकलवरच्या आरोग्यसेवकांची ओळ हवी, नाहीतर मी घालतो.

बाळीवेसकर: घाला. वडिलांकडं कुठली गावं होती? मंगळवेढ्याकडची असली तर आजीचं नाव त्यांच्याच वहीत असेल.