निर्माता न सापडणारे जुने स्टुडिओ फ्लॅश घ्यावेत का? (फोंडा, गोवा) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंड्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो आणि बारशा-मुंजीची कामे असतातच, परंतु जत्रांच्या दिवसांत गावोगावी होणाऱ्या मराठी नाटकांतील कलाकारांची रंगभूषेसह छायाचित्रे काढणे हे माझे आवडते काम आहे. पाच-सहा पात्रे पडद्यासमोर एकत्र उभी राहिली आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवून एफ/८ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र लहान ठेवून, छायाचित्र घ्यायचे म्हटले, की माझे बॅटरीवरचे दोन फ्लॅश प्रकाश मऊ करणारी छत्री लावल्यावर अपुरे पडतात.

मडगावातील एक स्टुडिओ बंद होत असून तेथील दोन जुने फ्लॅश, स्टँड आणि एक छत्री असा संच मला ७,००० रुपयांत मिळत आहे. अडचण अशी, की मागची पट्टी गंजून निर्मात्याचे नाव अर्धेच उरले आहे. ‘४०० वॉट-सेकंद’ (एका झोताची ऊर्जा) आणि ‘२३० व्होल्ट’ एवढे मात्र वाचता येते. उरलेल्या अक्षरांवरून पुष्कळ शोधले, पण माहितीपुस्तिका किंवा सुटे भाग कोठेच आढळले नाहीत.

गेल्या रविवारी दोन्ही फ्लॅश पाहून आलो. ते सात-आठ वर्षे बंद पेटीत पडून होते आणि इतका काळ वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधील (झोतासाठी वीज साठवणाऱ्या भागातील) ऑक्साइडचा थर झिजलेला असतो, त्यामुळे पहिला फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर लावून वीस मिनिटे तसाच राहू दिला आणि मगच बटण दाबले. तो नीट चमकला. पूर्ण शक्तीवर पुन्हा भरायला सुमारे तीन सेकंद लागले, आवाज किंवा वास आला नाही. काचेचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा वर्तुळाकार नळीची दोन्ही टोके काळवंडलेली, मधला भाग स्वच्छ दिसला. मॉडेलिंग दिव्याचा (प्रकाश कसा पडेल ते आधी दाखवणाऱ्या सततच्या दिव्याचा) होल्डर साध्या आट्यांच्या बल्बचा आहे, म्हणजे निदान तो दिवा तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल!

दुसरा फ्लॅश वाकडा करताच हवेच्या फटींतून मुंग्यांनी साठवलेली माती टेबलावर सांडली, शिवाय फ्यूजच्या टोपीवर हिरवट थर चढून ती अडकली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या जोडांचे काय झाले असेल या विचाराने तो मी लावलाच नाही. उघडण्याचाही माझा विचार नाही, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार राहू शकतो.

आता मुख्य शंका. पहिल्या फ्लॅशच्या सिंकच्या खाचेत (कॅमेऱ्याची तार जोडायच्या जागी) मल्टिमीटर लावला तेव्हा १९० व्होल्ट दाखवले, आणि काही डिजिटल कॅमेऱ्यांना तर ६ व्होल्टांपेक्षा अधिक चालत नाही, म्हणून तार थेट कॅमेऱ्याला जोडणार नाही हे नक्की. परंतु रेडिओ ट्रिगरचा (तारेविना फ्लॅश चालवणाऱ्या साधनाचा) रिसीव्हर एवढा व्होल्टेज सोसतो का? तसे नसेल तर कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर कमी शक्तीने चमकवून त्याच्या प्रकाशाने हे चालवावेत, असा माझा बेत आहे. पहिल्या फ्लॅशचा स्लेव्ह डोळा (दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश ओळखून तो चालू करणारा) चालतो.

दुसरी शंका कपॅसिटरची. सुमारे ३३० व्होल्ट धरले तर ४०० वॉट-सेकंदांसाठी ७,३०० मायक्रोफॅरडच्या आसपास क्षमता लागते, आणि तीही झटक्यात भार सोडण्यासाठी बनवलेल्या कपॅसिटरची. वीजपुरवठ्यातला साधा चालणार नाही. बंद पडल्यास गोव्यात, नाहीतर बेळगावात किंवा कोल्हापुरात, असे काम करणारा कोणी माहीत आहे का? दुसऱ्या फ्लॅशला डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) हळूहळू व्होल्टेज चढवून जिवंत करणे सुरक्षित आहे का, की आतल्या सर्किटमुळे तसे करू नये?

वॉरंटीचा नवा चिनी फ्लॅश घे, असे काहीजण सांगतील आणि ते चुकीचेही नाही. माझा कल मात्र पहिला फ्लॅश स्टँडसह ३,००० रुपयांना मागण्याकडे आहे. दुसरा त्यांनी फुकट दिला तरच सुट्या भागांसाठी ठेवीन. शनिवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचे आहे. नळीच्या टोकांची आणि पट्टीची जवळून काढलेली छायाचित्रे आज रात्री प्रतिसादात जोडतो.