युजी ओनोचं 'कॅप्टन फ्यूचर' : जुनी जपानी एलपी कुणाकडे आहे का?

राईनकाठी: इथे जर्मनीत 'कॅप्टन फ्यूचर' म्हटलं की संगीतकार ख्रिस्तियान ब्रूनच आठवतो. १९८० मध्ये झेडडीएफ या जर्मन टीव्ही वाहिनीने ही जपानी कार्टून मालिका दाखवताना मूळ संगीत काढून त्याचं घातलं. तेही सुरेख आहे, पण १९७८ चं ओनोचं मूळ संगीत त्यामुळे इकडे फारसं कुणाच्या कानावरच पडलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ओनो मुळात जॅझ पियानिस्ट. खाली डिस्कोचा ठेका आणि नाचरा बास, वर व्हायोलिन्स आणि ब्रास (पितळी वाद्यं). अंतराळ भयाण वाटतच नाही, उघडं मैदान वाटतं! एलपी ओबीसकटच घ्यावी का?

तबकडीप्रेमी: ओबी म्हणजे कव्हरभोवतीची कागदी पट्टी. ती असली की भाव चढतो, आवाजात काही फरक नाही. ऐकायलाच घेताय ना? मग तबकडी उजेडात तिरकी धरून काढलेले फोटो मागवा. लहान मुलांच्या मालिकेची रेकॉर्ड आहे, ओरखडे असू शकतात.

मंद्रसप्तक: 'स्टार वॉर्स' जपानात १९७८ च्या उन्हाळ्यात लागला, 'स्पेस इनव्हेडर्स' हा व्हिडिओ गेमही त्याच वर्षीचा. त्या लाटेतलं हे काम. हिरोशी मियागावाची १९७७ ची 'यामातो' सिम्फनिक स्वीट (त्या नावाच्या अंतराळ-कार्टून मालिकेच्या संगीताची वाद्यवृंदासाठी केलेली रचनामाला) जरूर ऐका. तिच्यात गायिका काझुको कावाशिमाचा शब्दांविना आलाप आहे, अंगावर काटा येतो.

राईनकाठी: 'यामातो' आहे माझ्याकडे, तो आलाप अप्रतिमच! फोटो आजच मागवतो. ओबी नसली तरी घेईन.