मोरिन खूर नक्की कोणी ‘बाटवलं’?

सांजवात: कालच्या धाग्यात एकांनी लिहिलं, “द हूसारख्या रॉकवाल्यांनी आणि नायलॉनच्या तारांनी मंगोलियाचं मोरिन खूर बाटवलं. आता ते घोड्याचं मुंडकं लावलेलं चेलो आहे.” राहवलं नाही म्हणून लिहितेय. नवख्यांसाठी: मोरिन खूर म्हणजे घोड्याचं डोकं कोरलेलं, गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य; द हू (The HU) हा मंगोलियाचाच रॉक बँड. वाद्याच्या पेटीचा कातडं मढवलेला पुढा, म्हणजे पुढची बाजू, जाऊन लाकडाचा रुळला तो सोव्हिएत वळणाच्या वाद्यवृंदांमुळे, मोठ्या सभागृहात आवाज पोचावा म्हणून. द हू स्थापन झाला २०१६ साली. कितीतरी दशकांपूर्वीचं बिल या पोरांच्या नावावर का फाडता?

जुनं_खोड: लिहिणारा मीच. लाकडी पुढाही मला खुपतोच. परंपरेने जाड तारेला घोड्याच्या शेपटीचे सुमारे १३० केस, बारीक तारेला घोडीचे १०५. बोटं तार पट्टीवर दाबत नाहीत, नखाच्या कडेने अडवतात. केसांची ती खरखर हाच त्या सुराचा जीव. नायलॉन गुळगुळीत.

सांजवात: दादा, नायलॉनचीही जुडीच असते, गिटारसारखी एक तार नव्हे. आधी हातात घेऊन बघा.

भटक्या: मी घेतलंय. उलानबातरहून कातडी पुढ्याचं आणलं, घर डोंबिवलीला. पाऊस लागला आणि कातडं उतरलं. आवाज म्हणजे ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी. हलगी शेकतात तसं शेगडीपासून हातभर लांब धरून शेकायचो. दहा मिनिटं बोलायचं, पुन्हा बसायचं. शेवटी लाकडी घेतलं.

जुनं_खोड: डोंबिवलीच्या दमट हवेत गोबी वाळवंटातल्या वाद्याची पारख करता? तिथे हवा कोरडीठाक!

रानजाई: परंपरेचा एवढा पुळका, तर मंगोलियाशेजारच्या तुवात (रशियातला प्रांत) बाईने खोमेई, म्हणजे एकाच गळ्यातून दोन सूर काढायचं गाणं, गायलं की मूल होत नाही म्हणायचे, तेही जपायचं का? १९९८ साली ‘तिवा किझी’ हा बायकांचा संच उभा राहिला, तो याच समजुतीला न जुमानता.

जुनं_खोड: धागा वाद्याचा आहे. भरकटवू नका.

रानजाई: माझ्या आत्याला पखवाजाला हात लावू दिला नाही, ‘बायकांचं वाद्य नव्हे’ म्हणून. दाराआड बसून मांडीवर बोल वाजवायची ती. कोणी ‘परंपरा’ म्हणालं की मला ती मांडी दिसते. तुम्हाला भरकटणं वाटत असेल, वाटू दे.

भटक्या: ताईंचं बरोबर आहे. खर्ज धरून त्याच गळ्यातून वर शिट्टीसारखा दुसरा सूर काढायचा, यात बाईचा गळा अडेल असं काय आहे? एवढं तरी माना, दादा.

जुनं_खोड: मानतो. त्या बायका चांगल्या गातात. तारांचं मानणार नाही.

सांजवात: मग हे ऐका. गोबीत उंटीण पिलाला जवळ घेईना, तर तिच्यापाशी मोरिन खूर किंवा बासरी वाजवतात, ‘खूस, खूस’ असं आळवतात, ती पिलाला पाजेपर्यंत. २०१५ साली युनेस्कोने हा विधी तातडीने जपायच्या यादीत घातला. उंट घटले, त्यांच्या जागी मोटारसायकली आल्या, तरुण गावंशहरं धरू लागले. खूर उंटिणीपाशी वाजेनासं होतंय, आणि तुम्ही केस मोजताय.

जुनं_खोड: हे ठाऊक नव्हतं. ‘बाटवलं’ मागे घेतो. केसांच्या तारांवर उद्या वेगळा धागा काढतो.