बदललेली परिस्थिती की बदलू लागलेली? ताब्याच्या आदेशाचा फेरविचार

मूळ मुद्दा
कॅलिफोर्नियात बालकल्याण प्रकरणातील (म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाने हस्तक्षेप केलेल्या प्रकरणातील) ताब्याचा, भेटींचा किंवा पालकांना मिळणाऱ्या सेवांचा आदेश बदलून हवा असेल, तर कल्याण व संस्था संहितेच्या कलम ३८८ खाली अर्ज करता येतो. परिस्थिती बदलली आहे किंवा नवा पुरावा मिळाला आहे, शिवाय मागितलेला बदल मुलाच्या हिताचा आहे, हे अर्जदाराने दाखवायचे असते. प्रथमदर्शनी ते दिसले नाही, तर न्यायाधीश सुनावणी न घेताच अर्ज फेटाळू शकतात. माझा आक्षेप इथेच आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या पालकांना पुनर्मीलन सेवा, म्हणजे मूल घरी परतावे म्हणून दिली जाणारी उपचार-समुपदेशनासारखी मदत, सर्वसाधारणपणे सहाच महिने मिळतात, आणि व्यसनातून बाहेर पडणारी आई तेवढ्या काळात ‘बदलू लागलेली’ असते, ‘बदललेली’ नव्हे, असे म्हणून तिला दारातूनच परत पाठवले जाऊ शकते. तिचे म्हणणे ऐकूनही न घेता मूल कायमचे दुरावणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. आपण आईचे महिने मोजता, मुलाचे मोजत नाही. दोन वर्षांच्या मुलाने एक वर्ष पालनकर्त्या घरात, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, काढले असेल, तर त्याचे निम्मे आयुष्य तिथे गेलेले असते. सेवा थांबल्यानंतर भर मुलाच्या स्थैर्यावर येतो आणि कलम ३८८ ही तेव्हाही उघडी राहणारी सुटकेची वाट आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली स्पष्ट केले. वाट उघडी ठेवणे वेगळे आणि प्रत्येक अर्जावर सुनावणी लावून मुलाला पुन्हा अधांतरी ठेवणे वेगळे.

प्रतिसाद २
सगळे अर्ज एकाच मापाने का मोजायचे? देखरेखीखालील भेटी मोकळ्या कराव्यात, या मागणीत मुलाचे घर बदलत नाही. ताबा परत मागण्यात ते बदलते. शिवाय अपील न्यायालयाच्या १९९७ च्या एका निर्णयाने मूळ समस्येचे गांभीर्य, ती दूर होण्याची शक्यता आणि मुलाचे पालकांशी व पालनकर्त्यांशी असलेले नाते तपासायला सांगितले. हे नाते नुसत्या कागदावरून कसे कळणार? असा अर्ज स्वतः मूलही करू शकते, हे तर आपण दोघांनीही वगळले.

मूळ लेखक
मुलाच्या काळाचा मुद्दा मी कमी लेखला, हे मान्य आहे. तरीही व्यसन सुटल्याचे दाखवणाऱ्या चाचण्यांचे अहवाल आणि उपचार पूर्ण केल्याची नोंद अर्जासोबत असेल, तर निकाल काहीही लागो, सुनावणी झालीच पाहिजे.

प्रतिसाद १
अहवाल सलग किती महिन्यांचे हवेत? ते ठरल्याशिवाय मला हे मान्य करता येणार नाही.