अनुभव धागा: न्यू पॅलेसला तुम्ही कधी आणि कुणाबरोबर गेलात?

अंजू_मंगळवारपेठ

परवा रविवारी पुण्याहून नणंदेची पोरं आली म्हणून न्यू पॅलेसला, म्हणजे छत्रपतींच्या राजवाड्यातल्या म्युझियमला नेलं. सगळं आयुष्य कोल्हापुरात गेलं, पण आत जाऊन पंधरा वर्षं तरी झाली असतील. आपलं ठरलेलं असतंय ना, पाव्हणा आला की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि रात्री तांबडा-पांढरा. पाव्हणा नसला की बावड्याच्या बसमधनं मनोऱ्याचं घड्याळ बघायचं आणि पुढं जायचं.

सगळं बघून बाहेर आलो तर झाडाखाली एक म्हातारा बसलेला. धोतर, पटका, मांडीवर चार पिशव्या, बाजूला दोन बाटल्या आणि कुणा बारक्याचं स्वेटर. घरची सगळी आत आणि हा राखणीला. मी तिथंच थबकलो. अगदी आमचा आबा!

आबा शाहू मिलला कामाला होता. मी तिसरीत असताना, म्हणजे १९८८ की ८९, आम्हा सहा नातवंडांना घेऊन केएमटीच्या बसनं न्यू पॅलेसला आला. पिशवीत भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि किटलीत दही. किटलीचं झाकण सैल होतं, त्यामुळं दसरा चौकापर्यंत निम्मं दही माझ्या फ्रॉकवर. तिथं पोचल्यावर आबानं कनवटीचे पैसे काढून दोनदा मोजले, सहा तिकिटं काढली, थोरल्या दादाच्या हातात दिली आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसला. "आबा, तू चल की." तर म्हणाला, "बोलावल्याबिगार राजाच्या घरात जायाचं नस्तंय. तुमी पोरं हाय, तुमास्नी चालतंय."

आम्ही तासाभरानं पळत बाहेर. वाघ असा, अस्वल असं, दात एवढे! सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हाराजांचा फोटो बघितलासा?" सहाजणांत एकालाही आठवेना. लई चिडला. "मग वाघ बघायला तिकीट काढलं व्हय मी?" आबाच्या बापानं शाहू महाराजांना खडखड्यातनं (घोडागाडीतनं) जाताना बघितलेलं, ते आम्ही रोज जेवताना ऐकायचो. तरी फोटो बघायचं सुचलं नाही ते नाहीच.

तुमचं सांगा. कुणी नेलं, काय खाल्लं, काय आठवतंय.

कट_वाढा

वाघच आठवणार की ओ! आमची पाचवीची सहल. सर म्हणाले, भुसा भरलेला आहे, घाबरू नका. मागनं एक जण, "सर, मग ह्यो भुसा खातोय व्हय?" सर हसू दाबत दाबत पुढच्या खोलीत. त्या पोराला आम्ही दहावीपर्यंत भुशा म्हणत होतो. आता त्याचं चांगलं तीन मजली दुकान आहे, पण फोनमध्ये अजून भुशाच.

दुपारचा_चहा

मला त्या काठ्या आठवतात. बिबट्याच्या मणक्यांची काठी! एकेक मणका ओवून केलेली. आणि गेंड्याच्या पायाचा अ‍ॅश-ट्रे. लहानपणी मी आईला विचारलेलं, मग उरलेला गेंडा कुठाय? आईनं धपाटा दिला. प्रश्न काय चुकीचा होता सांगा.

निवृत्त_मास्तर

चांगला विषय. थोडी भर घालतो. नव्या राजवाड्याचं बांधकाम १८७७ ते १८८४, खर्च त्या काळचे सात लाख रुपये. वास्तुरचनाकार मेजर चार्ल्स मँट. टाउन हॉलही त्यांचाच. काळा घडीव दगड, पण नुसतं विलायती काम नाही, गुजरात-राजस्थानकडची जैन-हिंदू धाटणी आणि आपल्याकडच्या वाड्याची ठेवण, सगळं एकत्र आणलं आहे. पुढच्या वेळी दरबार हॉलमध्ये गेलात तर वाघ सोडून मान वर करा. खांबांच्या मधल्या रंगीत काचांत शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. सकाळी अकराच्या सुमारास उन्हं बरोबर पडली तर फरशीवर रंग सांडतात. मी तीस वर्षं पोरांना नेत होतो, त्यातले चारपाच वेळाच मला ते दिसले, एरवी पोरं मोजण्यातच वेळ जायचा.

मँटसाहेबांनीच बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आखला. त्या राजवाड्याचा आराखडा चुकला, इमारत पडणार, या धास्तीनं त्यांचं डोकं फिरलं अशी कथा सांगतात. १८८१ मध्ये ते गेले. म्हणजे आपला राजवाडा पुरा झालेला त्यांनी पाहिलाच नाही. बडोद्याचा अजून उभा आहे, आपलाही.

कट_वाढा

मास्तर आले, सावधान! 😄 वही काढा रे.

निवृत्त_मास्तर

वही काढा आणि ऱ्हस्व-दीर्घ पण बघा.

पुण्यात_अडकलेली

मला एवढंच विचारायचंय, अंजूताई "मी थबकलो"?? 😂 मी इकडं ऑफिसात एकदा "मी जेवलो" म्हटलं तर अख्खं टेबल माझ्याकडं वळलं.

अंजू_मंगळवारपेठ

मग काय थबकले म्हणू? ते लिहिताना मला दुसरीच कोण तर थबकल्यासारखं वाटतंय.

खर्डाभाकरी

माझी सासू सांगलीची, ती पण आलो-गेलोच म्हणती. पुणेकरांचं काय मनावर घेऊ नका. बरं ते दही किटलीत का नेलं? गाडग्यात न्यायचं. कापड बांधून. आमच्याकडं प्रवासाला दह्याच्या दशम्या, दही पिठातच मुरतं, मग सांडणार काय. आणि खर्ड्यात शेंगदाणं घालत होता का तुम्ही? कारण आमच्याकडं यावरनं भांडणं झाल्यात.

अंजू_मंगळवारपेठ

घालत होतो. भांडायला घरी या.

परदेशी_पाखरू

मी इंग्लंडमध्ये असतो, म्हणून थोडं वेगळं. २०१७ ला आई इकडं आलेली तेव्हा तिला डर्बीशायरला चॅट्सवर्थ दाखवायला नेलं. तिथल्या ड्यूकांचं घर. घर कसलं, आपला न्यू पॅलेस अंगणात बसेल. आई नऊवारीवर स्वेटर, पायात माझे बूट. गाडीतनं उतरली, समोर हिरवीगार टेकडी, त्यावर मेंढरं. पाच मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "एवढं गवात, आन् एक म्हस न्हाई?"

आत तिकडंही असंच, छताला चित्रं, कोपऱ्याकोपऱ्यात पुतळे. आईला काही पडलं नव्हतं. तिला बाग आवडली. तिथं एक पाण्याचा जिना आहे, टेकडीवरनं चोवीस टप्प्यांवरनं पाणी खाली येतंय, तीनशे वर्षांपूर्वीचा. प्रत्येक टप्प्याची रुंदी वेगळी ठेवलीय, म्हणून पाण्याचा आवाज बदलत जातो. आई त्याच्या काठाला बसली, पिशवीतनं धपाटे काढले (सकाळी पाचला उठून लाटलेले, मला कळू दिलं नाही) आणि शेजारच्या दोन इंग्रज म्हाताऱ्यांना पण एकेक दिला. त्यांनी खाल्ले! एकीनं रेसिपी विचारली. आई मराठीत सांगत होती, ती इंग्रजीत मान हलवत होती.

आणि अंजूताई, तुमच्या आबाचं वाचून एक आठवलं. तिथं एक कारंजं आहे. १८४४ ला रशियाचा झार येणार म्हणून जोसेफ पॅक्स्टन नावाच्या त्यांच्या मुख्य माळ्यानं घाईघाईनं ते उभं केलं. वर डोंगरात तळं खणलं आणि पंप न लावता नुसत्या उताराच्या जोरावर पाणी उडवलं. मजूर रात्री मशाली लावून खणत होते म्हणे. आणि झार आलाच नाही! मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बोलावल्यालं येत न्हाईत आन् न बोलावल्यालं आपण तिकीट काढून आलोय."

अंजू_मंगळवारपेठ

तुमच्या आईला आणि आमच्या आबाला एका बाकड्यावर बसवायला पाहिजे होतं.

खर्डाभाकरी

धपाटे पाचला उठून!! आईच असं करू शकती. माझा मुलगा मला बंगलोरला बोलवतोय, मी जाताना भडंग नेणार आहे पाच किलो, विमानात चालतंय का कोण सांगेल का?

कट_वाढा

चालतंय. फक्त डबा उघडू नका, सगळं विमान मागंल.

बावडेकर

आम्ही रमणमळ्याकडं राहायला. न्यू पॅलेस म्हणजे आमची रोजची वाट. आमचं बघणं तिथंच झालं. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम घरी झालाच, पण सगळ्यांच्या देखत काय बोलणार. मग मामीनं शक्कल लढवली, "जावा, पोरीला पॅलेस दाखवून आण." पोरगी बावड्याचीच, तिनं शंभरदा बघितलेला. हरणांच्या कुंपणापाशी दोघं गप. मी शेवटी विचारलं, "हरणं आवडतात?" ती म्हणाली, "वास येतोय." पुढच्या महिन्यात चोवीस वर्षं होतील.

दुपारचा_चहा

"वास येतोय" 😂😂 यापेक्षा चांगला होकार नाही.

पुण्यात_अडकलेली

मलाही असाच नवरा शोधून द्या कुणीतरी. इकडं पहिल्या भेटीतच पगार विचारतात.

रंकाळ्याकाठची

सगळे न्यू पॅलेस-न्यू पॅलेस करताय, आमच्या शालिनीला कोण विचारतंय? आम्ही रंकाळ्याच्या अलीकडच्या बाजूला राहायचो. संध्याकाळी शालिनी पॅलेसचे दिवे लागले की पाण्यात उलटा पॅलेस दिसायचा. १९३१ ते ३४ मध्ये बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा. १९८७ पासून हॉटेल झालं तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या ताईचं रिसेप्शन तिथं होतं, मी तेव्हा नववीत. मुद्दाम पाणी प्यायचं निमित्त करून तीनदा जिना चढलो-उतरलो. तिसऱ्या वेळेला वेटर म्हणाला, "बाळ, पाणी खाली पण आहे." आता कुलूप लावलेलं बघवत नाही.

बाकी पावसाळ्यात त्या बाजूनं फिरायला जाता का अजून कोण? आणि ते पेरूवाले बसतात का संध्याकाळी?

कट_वाढा

बसतात. पेरूला मीठ-चटणी वाढवून मागावी लागती एवढंच.

निवृत्त_मास्तर

वाघांची चर्चा चालली आहे म्हणून सांगतो. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळत. काळविटाच्या शिकारीसाठी. ते शिकवणारे, सांभाळणारे ते चित्तेवान. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. डोळ्यांवर झापड बांधून गाडीवर बसवून रानात न्यायचे, काळवीट दिसलं की झापड काढायची.

दुपारचा_चहा

होय होय! २०२२ ला टीव्हीवर कुनोला चित्ते सोडताना दाखवले तेव्हा आमची आजी (नव्वदच्या पुढं) जेवता जेवता म्हणाली, "त्यात काय, आमच्या ल्हानपणी दोरीला बांधून रस्त्यानं फिरवायची की." आम्ही म्हणालो, म्हातारी भरकटली. नंतर एका काकांनी सांगितलं, खरं आहे. आजी चार दिवस कुणाशी बोलली नाही.

नवीन_आलोय

टाउन हॉलचं म्युझियम पण सांगा की कोण तर. तिथं तो ग्रीक देवाचा बारका ब्राँझचा पुतळा आहे, पोसायडन. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला खणताना भांड्यांच्या ढिगात सापडला. पंचगंगेच्या काठाला समुद्राचा देव! मी तो बघायला गेलो आणि बाहेर झाडाखाली झोप लागली. दुपारी दोन ते चार. इतकी चांगली झोप मला नंतर लागली नाही. विषयाला सोडून आहे, माफ करा.

बावडेकर

सोडून काय, मुद्द्याचंच आहे. बाग त्यासाठीच असती.

अंजू_मंगळवारपेठ

सगळ्यांनी लिहिलंत, बरं वाटलं. रात्री आईला हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. आबाच्या "बोलावल्याबिगार" पर्यंत आलो आणि माझाच आवाज बसला. आई भाजी निवडत होती. देठं मोडता मोडता म्हणाली, "कसलं बोलावणं घेऊन बसलीस. त्याला दर अर्ध्या तासानं बिडी लागायची. आत वडू देत न्हाईत, म्हणून बसला भाईर."

मी म्हटलं, आणि महाराजांचा फोटो बघितला का म्हणून चिडला ते? तर म्हणाली, "ते खरं. त्यासाठी मग परत नेलं की तुला. आठवत न्हाई? तू एकटीच होतीस, ताप उतरल्यावर. तवा आत आलेला तुझ्यासंगं."

मला काहीही आठवत नाही. सगळं आठवतंय, किटली, दही, भाकरीचं फडकं, अस्वलाचे दात. आणि आबा माझ्या शेजारी दरबार हॉलमध्ये उभा होता ते नाही.

परदेशी_पाखरू

आईंना विचारा, तेव्हा बिडी कुठं ठेवली होती.

अंजू_मंगळवारपेठ

विचारलं. कानावर. 😄

खर्डाभाकरी

अगं बाई.

नणंदभावजय

आत्ताच बघितलं, वरचं वाचायला वेळ नाही, कुकर लावलाय. उद्या सोमवारी न्यू पॅलेस चालू असतंय का? इचलकरंजीची पाव्हणी आल्यात, सातजणं आहेत.