लिंगभाव आणि लैंगिक कल यांत फरक काय?

प्रश्न : भाची म्हणून वाढलेल्या आमच्या भाच्याने यंदा बहिणींकडून राखी बांधून घेतली. तो मुलगा आहे, म्हणजे त्याला मुलीच आवडणार, असे समजावे काय?

उत्तर १ : नाही. आपण कोण आहोत ही जाणीव म्हणजे लिंगभाव, तर आकर्षण कोणाविषयी वाटते तो लैंगिक कल. ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मतः मुलगी मानल्या गेलेल्या पुरुषाला, पुरुषही आवडू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तर प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले गेले ते २०१८ मध्ये.

उत्तर २ : लिंगभाव किंवा लैंगिक कल बदलून ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांपासून मात्र सावध राहा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आजी अजून ‘आली का गं’ म्हणते, आणि तो हसून ‘आलो’ म्हणतो.